टेक्स्ट एडिटर सारखा क्रॅश होतोय? लिनक्स आणि विंडोजमधल्या लिनक्सवर नेमकं काय तपासायचं

टर्मिनलमध्ये फाइल उघडली, तासभर लिहिलं, आणि अचानक स्क्रीनवर 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढे दोन शब्द उमटून एडिटर गायब. लिनक्स शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतोच. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात: एडिटर पुन्हा उघडतात, समोर आलेल्या प्रश्नावर काहीतरी बटण दाबतात आणि उरलंसुरलं लिखाणही घालवून बसतात.

चांदूर रेल्वे किंवा धामणगाव रेल्वेसारख्या गावांतून रोज बडनेरा-अमरावतीच्या कॉलेजांत जाणारे विद्यार्थी असोत, की विंडोज पेलत नाही म्हणून जुन्या पीसीवर लिनक्स टाकून घेतलेला एखादा दुकानदार, अडचण सारखीच असते. रॅम ४ जीबी, उन्हाळ्यात प्रचंड उष्णता, मध्येच गेलेली लाइन आणि मराठी मजकुराने भरलेल्या फाइल. एडिटर बंद पडण्याची कारणं यांतल्या कोणत्याही एका ठिकाणी असू शकतात. ती क्रमाने कशी शोधायची, ते इथे पाहू.

एक सूचना: कमांड आणि पर्यायांची नावं इथे उच्चारानुसार किंवा अक्षरं सुटी करून देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची असतात. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

थोडक्यात

- एडिटर बंद पडला की आधी लिखाण वाचवायचं, कारण नंतर शोधायचं.
- एडिटर कोसळला, अडकला की सिस्टीमने मारला, हे तीन वेगळे आजार आहेत.
- एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फाइल, सेटिंग, प्लगइन, टर्मिनल, मेमरी, डिस्क असा क्रम ठेवायचा.
- दर वेळी त्याच ठिकाणी क्रॅश होत असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. कधीही, कुठेही होत असेल तर रॅम आणि उष्णता तपासायची.

पहिलं काम: लिखाण वाचवा

एडिटर कोसळला म्हणजे सगळं गेलं, असं नसतं. जुने, मुरलेले एडिटर लिहितानाच बाजूला एक गुप्त प्रत ठेवत असतात. ती कुठे असते हे माहीत असलं की निम्मं टेन्शन जातं.

*विम:* बिल जॉय यांनी १९७६ मध्ये 'व्हीआय' लिहायला घेतला. त्याच वळणावर ब्रॅम मूलेनार यांनी केलेला 'विम' १९९१ मध्ये लोकांसमोर आला. विम मूळ फाइलशेजारी एक 'स्वॅप फाइल' बनवतो. तिच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असतं आणि शेवटी टिंब व 'एसडब्ल्यूपी' असतं. सुरुवातीच्या टिंबामुळे ती साध्या यादीत दिसत नाही. 'एल-एस' कमांडला 'हायफन ए' जोडलं की दिसते. साधारण २०० अक्षरं टाइप झाली किंवा हात ४ सेकंद थांबला की विम ही प्रत ताजी करतो. म्हणजे लाइन गेली तरी शेवटची ओळ-दोन ओळीच जातात.

कोसळल्यानंतर तीच फाइल पुन्हा उघडली की 'ई३२५ अटेन्शन' अशी लांबलचक सूचना येते आणि खाली पर्याय असतात. इथेच घात होतो. घाईत 'डिलीट' निवडलं तर वाचलेली प्रतही जाते. योग्य क्रम असा:

1. सूचनेत 'स्टिल रनिंग' असे शब्द आहेत का ते बघावं. असतील तर तीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे. क्रॅशचा संबंध नाही. तिथे जाऊन काम पुढे चालू ठेवावं.
2. नसतील तर 'रिकव्हर' निवडावं.
3. वाचलेला मजकूर वेगळ्या नावाने सेव्ह करावा.
4. 'डिफ' कमांडने जुनी आणि नवी फाइल ताडून पाहावी.
5. सगळं जागेवर असल्याची खात्री झाल्यावरच स्वॅप फाइल हटवावी. नाहीतर ती सूचना दर वेळी येत राहते.

स्वॅप फाइल मूळ फाइलशेजारी सापडली नाही तर 'टीएमपी' आणि 'व्हार'मधल्या 'टीएमपी' या फोल्डरांत बघावं. शेजारी लिहायची परवानगी नसेल तर विम तिथे प्रत ठेवतो.

*नॅनो:* नॅनोचा स्वभाव वेगळा. टर्मिनलची खिडकी अचानक बंद झाली किंवा सिस्टीमने नॅनोला थांबायला सांगितलं, तर तो जाता जाता मूळ नावापुढे '.सेव्ह' जोडून एक फाइल लिहून जातो. पण लाइन गेली तर ती संधीच मिळत नाही. विमसारखी सतत चालणारी स्वॅप फाइल नॅनोकडे नाही. त्यामुळे नॅनोत लिहिताना दर काही मिनिटांनी सेव्ह करणं एवढाच खरा उपाय आहे.

*ईमॅक्स:* ईमॅक्स दर ३०० की दाबल्यावर, किंवा हात ३० सेकंद थांबल्यावर, आपोआप प्रत ठेवतो. तिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना # हे चिन्ह असतं. 'रिकव्हर फाइल' ही ईमॅक्सची कमांड ती परत आणते. अनेक फाइल उघड्या असतील तर 'रिकव्हर सेशन' वापरता येतं.

*केट:* केडीई डेस्कटॉपचा 'केट' एडिटरही विमसारखी स्वॅप फाइल ठेवतो आणि पुढच्या वेळी फाइल उघडताच ती परत आणायची का, असं विचारतो.

खरंच क्रॅश झाला का?

नव्याने लिनक्सवर आलेल्यांच्या तक्रारींत एक गंमत वारंवार दिसते. विंडोजवर सेव्ह करायला कंट्रोल आणि एस दाबायची बोटांना सवय असते. टर्मिनलमध्ये मात्र त्या जोडीचा जुना अर्थ 'पडद्यावर काही पाठवू नकोस' असा आहे. पडदा गोठतो, की दाबल्या तरी काही दिसत नाही आणि एडिटर अडकला असं वाटून माणूस खिडकीच बंद करतो. उपाय सोपा आहे. कंट्रोल आणि क्यू दाबलं की सगळं पुन्हा सुरू होतं.

दुसरी जोडी कंट्रोल आणि झेड. विंडोजवर ती शेवटचा बदल मागे घेते. टर्मिनलमधला विम ती दाबताच नाहीसा होतो आणि 'स्टॉप्ड' असा शब्द दिसतो. एडिटर मेलेला नसतो, बाजूला झोपलेला असतो. 'एफ-जी' ही दोन अक्षरी कमांड दिली की तो जिथे होता तिथे परत येतो.

हे दोन्ही प्रकार वगळून एडिटर बंद पडत असेल, तरच पुढची तपासणी करायची.

शेवटचा शब्द काय होता?

युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टीममध्ये प्रोग्रॅम मेला की मरणाचं कारण नोंदलं जातं. एडिटर बंद झाल्यावर लगेच, मध्ये दुसरी कोणतीही कमांड न देता, 'इको' लिहून स्पेस सोडून $? टाइप केलं की एक आकडा मिळतो. १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून तो तयार होतो.

- १३९, सेगमेंटेशन फॉल्ट: सिग्नल ११. आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला प्रोग्रॅमने हात लावला. प्रोग्रॅममधली किंवा प्लगइनमधली चूक, न जुळणारी लायब्ररी, कधी खराब रॅम.
- १३४, अबॉर्टेड: सिग्नल ६. आत काहीतरी भलतंच घडतंय हे प्रोग्रॅमला स्वतःलाच कळलं आणि तो थांबला.
- १३७, किल्ड: सिग्नल ९. एडिटर स्वतः पडलेला नाही, त्याला मारलं आहे. बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे.
- १३५, बस एरर: सिग्नल ७. एडिटर वाचत असलेली फाइल मध्येच आखूड झाली किंवा डिस्कवरून नीट वाचता आली नाही, तर हा दिसू शकतो.
- १३२, इलीगल इन्स्ट्रक्शन: सिग्नल ४. प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरसाठी बनवलेला आहे आणि पीसीचा प्रोसेसर जुना आहे. इंटरनेटवरून तयार प्रोग्रॅम उतरवून जुन्या मशीनवर चालवला की हे घडतं. अशा वेळी आपल्या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातला एडिटर टाकावा.

विम कोसळताना 'कॉट डेडली सिग्नल' आणि 'प्रिझर्व्हिंग फाइल्स' असे शब्द टाकून जातो. त्यातला दुसरा भाग दिलासा देणारा आहे. मरण्याआधी त्याने स्वॅप फाइल लिहायचा प्रयत्न केलेला असतो.

दोष कुठे आहे? सहा प्रश्न

१. हीच फाइल, की कोणतीही? रिकामी नवी फाइल उघडून चार ओळी लिहाव्यात. एडिटर टिकला तर संशय फाइलवर जातो. डेटाबेसमधून काढलेल्या फाइल किंवा वेबसाइटच्या दाबून लहान केलेल्या फाइल यांत कधी कधी सगळा मजकूर एकाच, लाखो अक्षरांच्या ओळीत असतो. रंगीत अक्षरं दाखवणारी यंत्रणा तिथे दमते. ईमॅक्स अशा ओळींवर अडकण्यासाठी प्रसिद्धच होता. २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत त्यावर मोठी सुधारणा झाली. अशी फाइल आधी 'लेस' कमांडने नुसती वाचावी, किंवा 'स्प्लिट'ने तुकडे करून उघडावी.

२. सेटिंगशिवाय चालतो का? विमला दोन हायफन आणि 'क्लीन' हा पर्याय देऊन, नॅनोला एक हायफन व मोठं 'आय' देऊन, आणि ईमॅक्सला एक हायफन व मोठं 'क्यू' देऊन सुरू करता येतं. या पर्यायांनी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या सेटिंग आणि प्लगइन बाजूला राहतात. असा कोरा एडिटर नीट चालला तर एडिटर निर्दोष आहे, दोष सेटिंगच्या फाइलमध्ये किंवा प्लगइनमध्ये आहे.

३. कोणता प्लगइन? एकेक काढून बघण्यापेक्षा निम्मे बंद करावेत. क्रॅश थांबला तर दोषी बंद केलेल्या निम्म्यात आहे, नाही थांबला तर उरलेल्या निम्म्यात. १६ प्लगइन असले तरी ४ फेऱ्यांत नेमका एक सापडतो. सेटिंगच्या लांब फाइलमधली दोषी ओळही याच पद्धतीने पकडता येते.

४. टर्मिनल बदललं तर? कधी एडिटर पडतच नाही, तो ज्या खिडकीत चालतो ती पडते आणि एडिटरला सोबत घेऊन जाते. याचं ठळक उदाहरण रंगीत इमोजीचं आहे. अक्षरं रंगवणाऱ्या 'लिबएक्सएफटी' या लायब्ररीला रंगीत इमोजी पेलत नव्हत्या. त्यामुळे 'एसटी'सारख्या हलक्या टर्मिनलमध्ये एखादी इमोजी पडद्यावर आली की पूर्ण टर्मिनल कोसळायचं. २०२२ मधल्या २.३.५ या आवृत्तीत यावर तोडगा निघाला. व्हॉट्सअॅपवरून कॉपी केलेला मजकूर जुन्या लिनक्सवर चिकटवताच खिडकी बंद होत असेल, तर हे कारण आधी तपासावं.

५. जागा आणि मेमरी शिल्लक आहे का? 'डी-एफ' कमांड 'हायफन एच'सह दिली की डिस्कवर किती जागा उरली ते कळतं. डिस्क भरलेली असेल तर एडिटर सेव्ह करताना अडतो, स्वॅप फाइल लिहू शकत नाही आणि फाइल अर्धवट राहण्याचा धोका असतो. 'फ्री' कमांड मेमरी दाखवते. मेमरी पूर्ण संपली की लिनक्सचा गाभा एखाद्या प्रोग्रॅमचा बळी देऊन बाकी सिस्टीम वाचवतो. ही नोंद 'डी-एम-ई-एस-जी' कमांडच्या मजकुरात 'आउट ऑफ मेमरी' या शब्दांनी सापडते. ४ जीबी रॅमच्या पीसीवर ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या ठेवून मोठी फाइल उघडली, तर दोष एडिटरला देता येत नाही.

६. मशीनच आजारी आहे का? आज एडिटर, उद्या ब्राउझर, परवा पूर्ण पीसी, असं काहीही केव्हाही बंद पडत असेल तर सॉफ्टवेअर उकरण्यात अर्थ नाही. मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पंख्यात साचलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट यांमुळे प्रोसेसर तापतो आणि मशीन स्वतःहून बंद होतं. 'सेन्सर्स' कमांडने तापमान बघता येतं. रॅमसाठी 'मेमटेस्ट८६ प्लस' रात्रभर चालवावा. एक जरी चूक दाखवली तरी रॅमची पट्टी काढून, पुसून, पुन्हा बसवून तपासावी. तरीही चूक आली तर पट्टी बदलावी. हार्डडिस्कची तब्येत 'स्मार्टसीटीएल' सांगतो. मध्येच लाइन जाण्याचा त्रास असेल तर छोटा यूपीएस हा सगळ्या कमांडपेक्षा स्वस्त इलाज ठरतो.

मराठी मजकूर आणि क्रॅश

इंग्रजी लिहिणाऱ्याला न येणाऱ्या काही अडचणी मराठी लिहिणाऱ्याला येतात. त्यामागचं कारण 'चांदूर रेल्वे' या नावावरूनच समजतं. डोळ्यांना यात चां, दू, र, रे, ल्वे अशी ५ अक्षरं आणि मधली एक मोकळी जागा दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ही १३ चिन्हं आहेत. च, काना, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र, स्पेस, र, मात्रा, ल, पाय मोडायची खूण म्हणजे हलन्त, व आणि पुन्हा मात्रा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि स्पेसला १. म्हणजे हे छोटंसं नाव डिस्कवर ३७ बाइट घेतं.

आता एडिटरचं काम बघा. ही १३ चिन्हं वाचून त्यांची जोडाक्षरं बांधायची, प्रत्येकाला पडद्यावर योग्य जागा द्यायची, कर्सर नेमका कुठे ठेवायचा ते ठरवायचं. टर्मिनल हे मूळचं एका अक्षराला एक चौकोन या हिशोबाने बनलेलं आहे. त्यामुळे मराठी ओळीत कर्सर एकीकडे आणि अक्षर उमटतं दुसरीकडे, असा गोंधळ होतो. हा क्रॅश नव्हे. तोच मजकूर केट, जीएडिट किंवा खिडकीत चालणाऱ्या ईमॅक्समध्ये उघडला तर बहुधा नीट दिसतो. त्यासाठी देवनागरी फॉन्ट असावा लागतो. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले 'लोहित' फॉन्ट बहुतेक लिनक्सच्या भांडारांत मिळतात.

अक्षरं बांधण्याच्या या कामातच कधी कधी खरा क्रॅश दडलेला असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये जगभर गाजलेलं प्रकरण याच जातीचं होतं. तेलुगूतलं 'ज्ञा'सारखं एक अक्षर असलेला मेसेज आला की आयफोनवरचं मेसेजचं अॅप बंद पडायचं आणि पुन्हा उघडायचंच नाही. मॅकवरही तेच व्हायचं. मॅकची सिस्टीम युनिक्सच्या घराण्यातलीच आहे. त्या वेळी मोझिलात काम करणारे अभियंते मनीष गोरेगावकर यांनी या प्रकाराची चिरफाड करून दाखवलं की दोष तेलुगूपुरता नाही. बंगाली आणि देवनागरीतही तो होता. व्यंजन, हलन्त, मागे जोडलं जाणारं दुसरं व्यंजन, मग 'झिरो विड्थ नॉन-जॉइनर' हे न दिसणारं चिन्ह आणि शेवटी स्वरचिन्ह, अशी रांग लागली की अक्षर बांधणारी यंत्रणा कोलमडत होती. अॅपलने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी दुरुस्ती दिली.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. एकाच ओळीवर एडिटर पडत असेल तर त्या ओळीत न दिसणारं चिन्ह आहे का ते बघावं. 'हेक्सडंप' कमांडला 'हायफन' आणि मोठं 'सी' जोडलं की फाइलचा प्रत्येक बाइट उघडा पडतो. संशयित ओळ 'सेड'ने वेगळ्या फाइलमध्ये काढून उरलेली फाइल उघडून पाहावी.

आणखी तीन नेहमीच्या मराठी भानगडी:

- प्रश्नचिन्हं आणि चौकोन: सिस्टीमची भाषा-मांडणी, म्हणजे 'लोकेल', यूटीएफ-८ नसेल तर मराठीऐवजी प्रश्नचिन्हं किंवा चमत्कारिक खुणा दिसतात. 'लोकेल' ही कमांड सध्याची मांडणी सांगते. ती बदलेपर्यंत अशी फाइल सेव्ह करू नये.
- इंग्रजी अक्षरांचा कचरा: श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते. तिला युनिकोड कन्व्हर्टर लागतो.
- 'शेतकऱ्यांना' सापडतच नाही: 'ऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि 'झिरो विड्थ जॉइनर'. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना वेगळे. एडिटरमधला शोध बिघडला असं वाटतं, प्रत्यक्षात कीबोर्ड वेगळे असतात.

फाइलच्या नावालाही मर्यादा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं. इंग्रजीत ती २५५ अक्षरं झाली, मराठीत जेमतेम ८५ चिन्हं. 'फाइल नेम टू लाँग' असा संदेश आला तर शासन निर्णयाचं पूर्ण शीर्षक फाइलला देण्याचा मोह टाळावा.

विंडोजच्या पोटातलं लिनक्स

अनेकांचा पीसी विंडोजचाच असतो आणि लिनक्स त्याच्या आत चालतं. याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

*सिगविन* १९९५ पासून आहे. तो युनिक्सच्या पद्धतीचे प्रोग्रॅम विंडोजवर चालतील अशी सोय 'सिगविन१' नावाच्या डीएलएल फाइलमार्फत करतो. इथले बहुतेक क्रॅश तीन कारणांनी होतात. एक, दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने आपली वेगळी 'सिगविन१' डीएलएल आणून ठेवलेली असते आणि दोन आवृत्त्या भांडतात. जुनी शोधून काढावी. दोन, 'फोर्क' अयशस्वी झाल्याचा संदेश येतो. तेव्हा सगळ्या सिगविन खिडक्या बंद करून सेटअप पुन्हा चालवावा, तो डीएलएलच्या जागा नव्याने लावतो. तीन, अँटीव्हायरस प्रत्येक प्रोग्रॅममध्ये स्वतःला घुसवतो. सिगविनच्या फोल्डरला त्यात सूट द्यावी.

*डब्ल्यूएसएल* ही मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेली सोय. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खरा लिनक्सचा गाभा चालतो. तिला सर्वसाधारणपणे पीसीची निम्मी रॅम मिळते. म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर लिनक्सच्या हाती २ जीबीच येतात आणि मोठ्या फाइलवर 'किल्ड' दिसतं. विंडोजच्या टर्मिनलमधून 'डब्ल्यूएसएल' कमांड दोन हायफन आणि 'शटडाउन'सह दिली की ते स्वच्छ बंद होतं. 'अपडेट' या पर्यायाने गाभा ताजा होतो. काम चालू असलेल्या फाइल विंडोजच्या सी ड्राइव्हऐवजी लिनक्सच्या घरच्या फोल्डरात ठेवल्या की वेगही वाढतो.

दोन्हीकडे एक चकवा आहे. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी विंडोजची जादा खूण असू शकते. विममध्ये ती ^ आणि मोठ्या 'एम'च्या रूपात दिसते. एडिटर ठीक असतो, स्क्रिप्ट मात्र पहिल्याच ओळीवर पडते. 'डॉस-टू-युनिक्स' ही कमांड या खुणा साफ करते.

अनोळखी फाइलवर क्रॅश होत असेल तर सावध

साध्या टेक्स्ट फाइलने काय होणार, असं वाटू शकतं. पण जून २०१९ मध्ये विममध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली होती. खास पद्धतीने लिहिलेली टेक्स्ट फाइल नुसती उघडली तरी तिच्यातल्या कमांड पीसीवर चालू शकत होत्या. ८.१.१३६५ या दुरुस्तीत तो मार्ग बंद झाला. म्हणून कुठून तरी आलेली फाइल उघडताच एडिटर कोसळत असेल, तर ती 'पुन्हा एकदा बघू' म्हणून उघडत बसू नये. आधी सिस्टीम अपडेट करावी, मग 'लेस' किंवा 'हेक्सडंप'ने लांबून पाहावी. 'सुडो' लावून तर अजिबात उघडू नये.

तरीही सुटलं नाही तर

प्रश्न एडिटर बनवणाऱ्यांपर्यंत न्यायचा असेल तर 'बंद पडतो' एवढं सांगून भागत नाही. एडिटरची आणि लिनक्सची आवृत्ती, टर्मिनलचं नाव, शेवटचा संदेश, आकडा आणि क्रॅश हमखास घडवून आणणारी सर्वांत छोटी फाइल, एवढं द्यावं. अनेक लिनक्सवर 'कोअरडंपसीटीएल' कमांडने कोसळलेल्या प्रोग्रॅमची नोंद मिळते आणि 'जीडीबी'ने तो कोणत्या ओळीवर पडला ते काढता येतं. लिनक्सची मूळ तोंडओळख मराठीतून हवी असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी धडे मोफत आहेत.

मात्र ही माहिती पाठवताना एक काळजी घ्यायलाच हवी. कोअर डंप म्हणजे कोसळण्याच्या क्षणी मेमरीत जे होतं त्याची जशीच्या तशी प्रत. एडिटरमध्ये लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती किंवा मोबाइल नंबर उघडे असतील तर तेही त्यात उतरतात. स्वॅप फाइलचंही तेच. सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा कॉलेजची लॅब, जिथे एक पीसी अनेक जण वापरतात, तिथे क्रॅशनंतर मागे राहिलेल्या या फाइल पुढच्या माणसाला आयत्या सापडतात. म्हणून लिखाण परत मिळालं की स्वॅप फाइल, '.सेव्ह' फाइल आणि कोअर डंप हटवावेत. कुणाला नमुना पाठवायचा असेल तर खऱ्या नावांच्या जागी खोटी नावं घालून, क्रॅश तरीही होतो हे तपासून, मगच पाठवावा.